जुन्या मिक्सरला नवा रंग: धंदा चांगला आहे, पण रंग लपवायला वापरू नका



मागच्या बॅचमध्ये एका मुलाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. जुना, पिवळट पडलेला टेबल फॅन आणि दोन मिनिटांत तोच फॅन पिस्ता रंगाचा, एकदम शोरूममधून आणल्यासारखा. खाली लिहिलेलं होतं, ५०० रुपयांत सुरू करा, महिन्याला ५०,००० कमवा. तो म्हणाला, "ताई, हे खरंच जमतं का?"

मी म्हणाले, रंग जमतो. पण व्हिडिओ जिथे संपतो, तिथून धंदा सुरू होतो. आणि तो पुढचा भाग मला चांगला माहीत आहे, कारण त्यात माझे पैसे गेलेत आणि त्याहून वाईट म्हणजे माझ्या दुकानाचं नाव जाता जाता राहिलंय.

ज्यांनी आपला चॅनेल नुकताच पाहायला सुरुवात केली त्यांच्यासाठी सांगते. बार्शीत आमचं इलेक्ट्रिकल वस्तूंचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, बीबीए झाल्यावर मी बसायला लागले. प्लास्टिकच्या वस्तूंना रंग देण्याचं काम आम्ही आजही करतो. म्हणजे मी या धंद्याच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: हा धंदा गिऱ्हाइकाच्या वस्तूला रंग देण्याचा म्हणून करा. जुना माल रंगवून नव्यासारखा विकायचा म्हणून करू नका. दोन्हींत कॅन तोच आणि कामही तेच, तरी एक धंदा टिकतो आणि दुसरा पहिल्या पावसाळ्यात बसतो.

माझी चूक आधी सांगते

एक लॉज बंद होत होतं. तिथले १२ टेबल फॅन मी प्रत्येकी २५० रुपयांनी उचलले, म्हणजे ३,०००. रंग, प्रायमर, पेपर मिळून २,४०० खर्च झाला. सगळे फॅन स्वच्छ केले, रंगवले आणि काउंटरवर मांडले. दिसायला इतके छान की लोक स्वतःहून विचारायचे. किंमत लावली १,१००. जुने आहेत हे कुणी विचारलं तर सांगायचे. नाही विचारलं तर नाही सांगायचे. त्या वेळी मला हे हुशारीचं वाटलं होतं.

नऊ फॅन विकले गेले. मग पावसाळा लागला.

ऑगस्टमध्ये एक मावशी आल्या. हातात वर्तमानपत्राची पुडी. उघडली तर आत पिस्ता रंगाचे पापुद्रे. फॅनच्या पात्यांवरचा रंग सुटून घरभर उडत होता. त्यातले दोन-चार तुकडे नातवाच्या ताटात पडले होते. मी लगेच पैसे काढले. मावशी म्हणाल्या, "पैसे दे, पण एक सांग. हा जुना होता ना? मग तसं सांगायचं की गं. मी जुना म्हणूनसुद्धा घेतला असता."

पुढच्या महिनाभरात आणखी सहा फॅन परत आले. एकूण ७,७०० रुपये परत केले. हिशोब करा: ९,९०० आले, त्यातले ७,७०० गेले, उरले २,२००. खर्च झाला होता ५,४००. म्हणजे ३,२०० चा खड्डा, आणि त्यात मजुरी धरलेलीच नाही.

रंग का सुटला?

तेव्हा मला वाटलं, रंग हलका निघाला. खरं कारण वेगळं होतं. त्या फॅनच्या खालच्या बॉडीवरचा रंग जागचा हललाही नव्हता, सुटला होता फक्त पात्यांवरचा. कॅन एकच, हातही एकच, मग फरक कशाचा? प्लास्टिकचा. बॉडी एबीएस प्लास्टिकची होती आणि पाती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे ज्याला आपण पीपी म्हणतो.

एबीएसवर रंग नीट धरतो. पीपीचा पृष्ठभाग असा असतो की त्यावर रंग पसरतो, वाळतो, पण चिकटत नाही. बाटलीच्या झाकणावर सेलोटेप जशी धड बसत नाही, तसंच काहीसं. पीपीला आधी खास प्लास्टिकसाठीचा प्रायमर लागतो, ज्याला ॲडहेशन प्रमोटर म्हणतात. साधा लोखंडाचा प्रायमर मारलात तर पैसे वाया.

ओळखायचं कसं? वस्तू उघडली की आतल्या बाजूला बहुतेक वेळा एबीएस, पीपी, पीएस अशी अक्षरं इंग्रजीत उठवलेली असतात. नसतील तर त्याच वस्तूचा तुटका तुकडा असेल तर तो पाण्यात टाका. पीपी पाण्यावर तरंगतं, एबीएस बुडतं. ही तपासणी फुकट आहे. मी ती केली नाही म्हणून ३,२०० ची पडली.

दुसरी गोष्ट पावसाळी हवेची. हवेत ओल असताना स्प्रे मारला की रंगावर पांढुरकी झाक येते आणि चमक मरते. म्हणून आम्ही आता पाऊस चालू असताना काम घेतो, पण तारीख देत नाही. "ऊन पडलं की चार दिवसांत" असं सांगतो. गिऱ्हाईक थांबतं. न थांबणारं गिऱ्हाईक या कामाचं नाहीच.

कंपनीचा रंग आणि आपला रंग

इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण गिऱ्हाइकाला काय शब्द द्यायचा ते यावर ठरतं.

१९९८ मध्ये ॲपलने निळसर हिरव्या रंगाचा आयमॅक आणला आणि १९९९ च्या जानेवारीत तोच कॉम्प्युटर पाच रंगांत दिला. तोवर घरातला कॉम्प्युटर म्हटलं की मळकट पांढरा डबा. रंगाला गिऱ्हाईक असतं हे तिथे साऱ्या जगाला दिसलं. पण तो रंग वरून मारलेला नव्हता, प्लास्टिकमध्येच होता. आपल्या घरातल्या मिक्सरचंही बहुतेक तसंच असतं. प्लास्टिकच्या दाण्यांत रंगाचा मास्टरबॅच मिसळतात आणि मग साच्यात ओततात. त्यामुळे ओरखडा पडला तरी आतून तोच रंग दिसतो.

आपण देतो तो वरचा पातळ थर. त्याच्यावर ओरखडा पडला की खालचा जुना रंग डोकावणार. हे कितीही चांगलं काम केलं तरी होणार. त्यामुळे "कंपनीसारखा" हा शब्द आमच्या दुकानात बंद आहे. आम्ही म्हणतो, "रंग नीट बसेल, हाताने निघणार नाही, पण तारेच्या घासणीने घासाल तर निघेल." हे वाक्य काम घ्यायच्या आधी बोलायचं, नंतर नाही.

तयारीचे पैसे मिळतात, रंगाचे नाही

व्हिडिओत स्प्रे मारतानाचा भाग दाखवतात, कारण तो बघायला मजा येते. आमच्याकडे तीन तासांच्या कामात प्रत्यक्ष स्प्रे चालतो वीस-पंचवीस मिनिटं. बाकी सगळी तयारी.

प्लग काढून वस्तू उघडायची, बॉडी वेगळी करायची. साबणाच्या पाण्याने धुवायची. स्वयंपाकघरातल्या वस्तूवर तेलाचा थर असतो, तो डोळ्यांना दिसत नाही पण रंगाला कळतो. वाळली की पॉलिश पेपरने हलक्या हाताने चमक मारायची, आधी ४०० नंबर, मग ८००. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरायचं. थिनर किंवा ॲसिटोनने एबीएस विरघळतं, बॉडीवर कायमचे डाग पडतात. मग मास्किंग टेप, प्रायमर, रंग आणि वरून क्लिअर कोट.

रंगाचे पातळ हात मारायचे. साधारण वीतभर अंतर ठेवायचं, एका हातानंतर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. जाड हात मारला की ओघळ येतो आणि ओघळ आला की पुन्हा पहिल्यापासून. हाताला कोरडा लागला म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. आम्ही वस्तू तीन-चार दिवस तशीच ठेवतो आणि मगच जोडतो.

आणि जागा मोकळी, हवेशीर हवी. स्प्रेच्या वाफा पेट घेतात, म्हणून जवळ गॅस, उदबत्ती, काही नको. रुमाल बांधला म्हणजे मास्क झाला असं समजू नका, रंगकामाचा फिल्टरवाला मास्क घ्या. गॅरेजवाले गाड्यांना हार्डनर मिसळून मारतात तो रंग तर घरात अजिबात नको. त्यातले आयसोसायनेट फुप्फुसाला घातक असतात.

कुठे नाही म्हणायचं

आमच्या काउंटरमागे एक यादी लावलेली आहे. दुकानातल्या मुलाला ती पाठ आहे.

मायक्रोवेव्ह उघडायचा नाही. प्लग काढला तरी आतला कपॅसिटर भरलेला राहू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो.

इस्त्री, टोस्टर, हेअर ड्रायर यांचे तापणारे भाग रंगवायचे नाहीत.

मिक्सरचं भांडं, झाकण, ज्यूसरची जाळी, म्हणजे अन्नाला लागणारी कुठलीच गोष्ट रंगवायची नाही.

हवा जाण्याच्या जाळ्या बुजतील इतका रंग नको. मोटर तापते.

फॅनची पाती आता आम्ही रंगवतच नाही. एका पात्यावर थर जास्त झाला तरी फॅन थरथरतो. पाती बदलून देतो.

राउटरला मेटॅलिक रंग नाही. त्यात धातूचे कण असतात, वायफाय मंदावू शकतं. रिमोटची काळी काच आणि टीव्हीचा सेन्सर टेपने झाकायचा, नाहीतर रिमोट चालणार नाही.

मागचं लेबल, ज्यावर व्होल्ट, वॅट आणि आयएसआय खूण असते, ते झाकायचं पण रंगवायचं नाही. माझ्या त्या १२ फॅनपैकी चारांची लेबलं मी रंगाखाली घालवली होती. नंतर दुरुस्तीला आले तेव्हा किती वॅटचा आहे हे मलाच वाचता येईना.

आणि वॉरंटीतली वस्तू असेल तर आधी सांगायचं की उघडली तर वॉरंटी जाऊ शकते.

कधी कधी तर रंगच नको असतो. पांढरं एबीएस उन्हाने पिवळं पडतं. बऱ्याचदा नुसत्या धुण्याने वस्तू निम्मी उजळते. जुने कॉम्प्युटर जमवणारे हौशी लोक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, त्याने पिवळेपणा उतरतो, मात्र कालांतराने परत येऊ शकतो. एका काकांचा रेडिओ आम्ही नुसता धुऊन, पुसून दिला आणि १०० रुपये घेतले. काका नंतर तीन गिऱ्हाइकं घेऊन आले. ६०० चा रंग मारला असता तर ५०० जास्त मिळाले असते, पण ती तीन माणसं आली असती असं मला वाटत नाही.

आता पैशाचं बोलू

हा आमच्या वहीतला हिशोब आहे. तुमच्या गावचे दर वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

एक घरगुती मिक्सर, गिऱ्हाइकाला वांगी रंग हवाय. प्रायमरचा वाटा १००. वांगी रंगाचा कॅन ३००, आणि तो पूर्ण धरायचा, कारण उरलेला वांगी दुसरं कुणी मागत नाही. क्लिअर कोटचा वाटा १००. पेपर, टेप, अल्कोहोल ६०. झाले ५६०. मजुरी तीन तास, तासाला १२० ने ३६०. एकूण ९२०. गिऱ्हाईक देतं ८००. म्हणजे १२० चा तोटा, आणि वर "महाग आहे हो" ऐकायचं.

आता दुसरं गिऱ्हाईक. ब्यूटी पार्लर. भिंती गुलाबी, खुर्च्या गुलाबी आणि वस्तू मात्र काळ्या, पांढऱ्या, निळ्या. स्पीकर, घड्याळ, टेबल फॅनची बॉडी, स्टीमरचं बाहेरचं थंड राहणारं कव्हर आणि राउटर, अशा पाच वस्तू एका रंगात हव्यात. प्रायमर ३५०, रंगाचे दोन कॅन ६००, क्लिअर ३००, बाकी सामान २००. झाले १,४५०. मजुरी नऊ तास, १,०८०. परत करून द्यावं लागलं तर म्हणून २५० बाजूला. एकूण २,७८०. दर ४,०००. उरले १,२२०. आणि पार्लरवाल्या ताईंनी घासाघीस केली नाही, कारण पाच नव्या गुलाबी वस्तू बाजारात शोधून मिळणार नव्हत्या.

यातून काय घ्यायचं? एकेका घरगुती वस्तूच्या मागे धावू नका. नवा मिक्सर हप्त्यावर मिळतो, तिथे तुम्ही किमतीत जिंकत नाही. जिथे रंग हेच काम आहे तिथे जा. पार्लर, बुटीक, कॅफे, बालवाडी, फोटो स्टुडिओ. आणि दुसरे ते लोक, ज्यांना वस्तू बदलायचीच नाही: आजोबांचा रेडिओ, आईचा पहिला मिक्सर. हे लोक किमतीची नाही, वस्तूची काळजी करतात. तीही तुम्ही केली पाहिजे.

"पण जुना माल रंगवून विकण्यात मार्जिन जास्त आहे"

हे मला प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी म्हणतंच. कागदावर आहे, मान्य. २५० चा फॅन १,१०० ला. पण ते मार्जिन कशाचं आहे ते बघा. गिऱ्हाइकाला जे माहीत नाही, त्याचं ते मार्जिन आहे. ज्या दिवशी त्याला कळतं, त्या दिवशी ते परत द्यावं लागतं.

आणि हा फक्त चांगुलपणाचा प्रश्न नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुना, वापरलेला किंवा दुरुस्त करून नवा केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. "त्यांनी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही" या वाक्यावर ग्राहक आयोगासमोर उभं राहायची तुमची तयारी आहे का? माझी नव्हती. मावशी तिथे गेल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

जुना माल विकूच नका असं मी म्हणत नाही. माझ्याकडे परत आलेले सात आणि न विकलेले तीन, असे दहा फॅन उरले होते. त्यांना प्रत्येकी ८० रुपयांची नवी पाती बसवली, मोटर तपासली आणि प्रत्येकाला पुठ्ठ्याचं कार्ड बांधलं: "जुना फॅन. बॉडी आम्ही रंगवली आहे. पाती नवी. सहा महिने आमची जबाबदारी." किंमत ६५०. तीन महिन्यांत दहाही गेले. एकही परत आला नाही. ६,५०० आले, पात्यांचे ८०० गेले, मागचा ३,२०० चा खड्डा भरला आणि वर २,५०० उरले. मजुरी धरली तर काहीच उरलं नाही. पण पुडी घेऊन आलेल्या मावशींनी त्यातलाच एक फॅन बहिणीसाठी नेला, आणि दुकान वाचलं ते तिथे.

तर आता गृहपाठ. कॅन विकत घ्यायच्या आधी घरातली भंगारात जाणारी एक प्लास्टिकची वस्तू घ्या. प्लास्टिक कोणतं ते ओळखा, धुवा, घासा, रंगवा. आठवड्याने नखाने खरवडून बघा, टेप चिकटवून ओढून बघा. रंग निघाला तर का निघाला ते वहीत लिहा. अशा तीन वस्तू टिकल्या की मग चौथी गिऱ्हाइकाची घ्या. आणि त्या गिऱ्हाइकाला द्यायच्या कार्डावर काय लिहाल, ते आजच लिहून ठेवा. ते लिहिताना हात अडखळला तर समजा, तुम्ही काहीतरी लपवताय.

भेटू पुढच्या व्हिडिओत.